बिरबलाची माकडीण आणि वाढणारे पाणी

बादशहाने विचारले, जगात प्राणिमात्राला सर्वांत प्रिय काय? बिरबलाने एका कोरड्या हौदात माकडीण आणि तिचे पिल्लू सोडले आणि हौदात पाणी सोडायला सांगितले. पाणी पोटाशी आले तेव्हा माकडिणीने पिल्लाला कडेवर घेतले, गळ्याशी आले तेव्हा डोक्यावर घेतले. पाणी नाकाशी आले तेव्हा मात्र तिने पिल्लाला पायांखाली घातले आणि त्याच्यावर उभी राहून ती स्वतःचा जीव वाचवू लागली. तात्पर्य, स्वतःच्या जिवाहून प्रिय काही नाही.

ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, एक ठाण्यात, एक कल्याणात. लोककथेतील तात्पर्याची जागा समजावून सांगताना आम्ही ही गोष्ट वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. विद्यार्थी माना डोलावतात आणि तात्पर्य लिहून घेतात. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्याही मनात आले नाही, की हौद कोणी बांधला होता, पाणी कोणी सोडले होते, आणि काठावर उभे राहून पाहत कोण होते? परीक्षा माकडिणीची झाली. बिरबल तर शहाणा ठरला!

या गोष्टीकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटले ते एका चित्रफितीमुळे. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात वर्षासहलीला आलेले पुण्याचे एक कुटुंब अडकले. ती चित्रफीत पुढे दोन दिवस प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरत होती. वाचकांपैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर मोठी माणसे आणि मुले एकमेकांना घट्ट धरून उभी आहेत. चहूबाजूंनी पांढरे पाणी उसळते आहे. काठावरून आरडाओरडा चालला आहे, पण कोणाला तेथवर पोचता येत नाही. मग तो घोळका हलतो आणि पाहता पाहता पाण्यात नाहीसा होतो. काही जण कसेबसे बाहेर आले. एक स्त्री आणि चार मुले मात्र गेली.

त्या खडकावर कोणीही कोणाला पायांखाली घातले नाही. मुलांना मध्ये घेऊन मोठी माणसे भोवती उभी राहिली होती. बिरबलाचा हौद खरोखरच भरला आणि निष्कर्ष उलटा निघाला. तरीही त्यानंतरच्या आठवडाभरात स्टाफरूममध्ये, लोकलच्या डब्यात आणि वृत्तवाहिन्यांवर आम्ही जे ऐकले ते तात्पर्याच्याच थाटाचे होते. ‘अतिउत्साही पर्यटक’, ‘जिवावर बेतलेली मजा’, ‘लहान मुलांना घेऊन कोणी जाते का तेथे?’ या शब्दांच्या तळाशी एक समजूत आहे. ती अशी की धोका ही माणसाच्या स्वभावाची परीक्षा असते. शहाणा वाचतो, मूर्ख बुडतो. प्रेमळ माणूस थांबतो आणि स्वार्थी पळतो. आमचे म्हणणे असे, की ही समजूत चुकीची आहे, आणि चुकीची असूनही ती सोयीची असल्यामुळे घातक आहे.

हे म्हणण्याचा अधिकार आम्हाला केवळ वाचनातून आलेला नाही. ऑगस्ट २०२२ मधील एका रविवारी आम्ही बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका ओढ्यावर गेलो होतो. आम्ही दोघे, तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी, सहा वर्षांचा भाचा आणि सत्तरी ओलांडलेली आजी. पाणी घोट्याच्या जरा वर. आजी काठाजवळच्या कातळावर बसली होती, मुले पाण्यात होती, आणि थालीपिठांचा डबा नुकताच उघडला होता. ऊन नव्हते, पण आमच्या डोक्यावर पाऊसही नव्हता. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून गुरे घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाक मारली, “ओ ताई, ओ भाऊ, पाणी गढूळ झालं! पोरांना घ्या नि वर व्हा!”

आम्ही काय उत्तर दिले? “हो हो काका, पाचच मिनिटं. एवढं खाणं आटपतो.”

दोन पदव्युत्तर पदव्या असलेली दोन माणसे हे बोलली. पाण्याचा रंग बदलला होता हे आम्हाला दिसत होते. काड्या आणि पाने वाहून येत होती, तीही दिसत होती. दिसत होते, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. सह्याद्रीच्या उतारावर माती थोडी आणि कातळ फार. वर पाऊस कोसळला की तो मुरत नाही, थेट ओढ्याला येतो. खाली पाऊस नसतानाही काही मिनिटांत पाणी चढते, आणि चढण्यापूर्वी ते गढूळ होते. त्या गृहस्थांना हे वाचता येत होते. आमच्या लेखी तो सहलीच्या देखाव्यातील एक बदल होता. भाचा तर “चहाचं पाणी, चहाचं पाणी” म्हणून टाळ्या पिटत होता.

पाणी गुडघ्याशी आले तेव्हा आम्ही उठलो. पुढील काही क्षणांचा हिशोब आजही नीट लागत नाही. आमच्यापैकी एकाने मुलीचा हात धरला. दुसऱ्याने डब्यांची आणि मोबाईलची पिशवी उचलली. भाच्याला आम्ही दोघांनीही धरले नाही, कारण त्याला दुसऱ्याने धरले आहे असे प्रत्येकाला वाटले. तोवर ते काका प्रवाहात उतरले होते. त्यांनी त्याचे दंड धरून त्याला वर काढले आणि परत येऊन आजीला हात दिला. आम्ही वर पोचलो तेव्हा आजी बसली होती तो कातळ पाण्याखाली गेला होता.

घरी परतल्यावर भावाला फोन करून आम्ही सांगितले, “थोडं पाणी वाढलं, म्हणून लवकर निघालो.” सहलीच्या निबंधाला जसा ठरलेला शेवट असतो तसाच हा. शाळेपासून आपण वर्षासहलीवर निबंध लिहीत आलो आहोत. त्यात हिरवे डोंगर असतात, फेसाळते धबधबे असतात आणि तो दिवस कायम स्मरणात राहतो. त्या निबंधात पाणी कधी गढूळ होत नाही. सहलीची जी भाषा आपण मुलांना शिकवतो तिच्यात धोक्याला वाक्यच नाही.

मुलगी मात्र विसरली नव्हती. दोन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, “तू आधी पिशवी घेतलीस.” ती आम्हा दोघांनाही ‘तू’च म्हणते. हे वाक्य तिने कोणाला उद्देशून उच्चारले ते आम्ही येथे सांगणार नाही, आणि मराठीने आम्हाला तेवढी मुभा दिली आहे. व्याकरणात ज्याला कर्तृकर्मसंकर म्हणतात तो हा प्रयोग. क्रियापद पिशवीचे लिंग सांगते आणि ‘तू’चा पुरुष सांगते, पण ती आई की बाबा हे सांगत नाही. आमची लाज व्याकरणाने राखली. मुलीच्या मनात मात्र तो प्रश्न बराच काळ राहिला, आणि आमच्या दोघांमधील संभाषणातही. खरे तर पिशवी उचलणाऱ्याने ती विचार करून उचलली नव्हती. सहलीहून निघताना पिशवी उचलायची असते, म्हणून हात तिकडे गेला. धोका आला तरी हात अजून सहलीतच होते.

रूबेन ऑस्टलुंड या स्वीडिश दिग्दर्शकाचा ‘फोर्स माजूर’ हा २०१४ सालचा चित्रपट आम्ही पुढे पाहिला तेव्हा म्हणूनच अस्वस्थ झालो. आल्प्समधील हॉटेलच्या गच्चीवर एक कुटुंब जेवत आहे. समोरच्या डोंगरावरून हिमकडा सुटतो. वडील म्हणतात, काळजी नको, हे नियंत्रणाखाली आहे, आणि मोबाईलवर चित्रण करू लागतात. पांढरा लोट अंगावर येऊ लागताच ते मोबाईल आणि हातमोजे उचलून पळतात. आई दोन्ही मुलांना कवेत घेऊन तेथेच राहते. धुके विरते. कोणालाही इजा झालेली नसते. चित्रपट खरा सुरू होतो तो येथून, कारण आपण पळालो हे वडील मान्यच करत नाहीत. त्या काही सेकंदांपेक्षा त्यांच्याविषयी नंतर सांगितलेली गोष्टच त्या घराला अधिक पोखरते. आम्हाला वाटते, ऑस्टलुंडने बिरबलाचाच हौद पुन्हा बांधला, पण त्याने माकडिणीला, येथे माकडाला, हौदाबाहेर काढून बोलते केले.

तरीही चित्रपट हा रचलेला असतो. प्रत्यक्षात माणसे काय करतात याचा अभ्यास झालेला आहे, आणि त्यातील एक प्रसिद्ध अभ्यास नेमका कौटुंबिक सहलीच्याच जागेचा आहे. आइल ऑफ मॅन या बेटावरील डग्लस शहरात ‘समरलँड’ नावाचे सुट्टीतील करमणूक केंद्र होते. २ ऑगस्ट १९७३ च्या संध्याकाळी तेथे आग लागली आणि ५० माणसे मृत्युमुखी पडली. जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने त्या आगीतून वाचलेल्यांच्या जबान्या अभ्यासल्या. आग लागली की माणसे जनावरांसारखी जवळच्या दाराकडे धावतात आणि वाटेतल्यांना तुडवतात, अशी समजूत तोवर रूढ होती. साइमला दिसले ते वेगळेच. जी कुटुंबे एकत्र होती ती एकत्रच बाहेर पडू पाहत होती. ज्यांची मुले दुसऱ्या मजल्यावर होती ते आईबाप आधी मुलांच्या शोधात निघाले होते. धोक्यात माणूस जवळच्या दाराकडे जात नाही, ओळखीच्या माणसाकडे आणि ओळखीच्या वाटेकडे जातो.

भुशीच्या खडकावर जे दिसले ते हेच. आणि येथेच या प्रश्नाचे दुःख आहे. एकमेकांना धरून ठेवणे ही प्रेमाची कृती आहे, पण वेगवान पाण्यात तेवढ्याने जीव वाचतोच असे नाही. अर्धा फूट खोल पण वेगाचे पाणी प्रौढ माणसाचा पाय उचलू शकते. घोळक्यातील एकाचा पाय सुटला की त्याचा भार सर्वांवर येतो. म्हणजे त्या कुटुंबाला स्वार्थाने बुडवले नाही, आणि आपल्या लाडक्या ‘मूर्खपणा’नेही नाही. खडकावर उभे राहण्याच्या कितीतरी आधी, पाणी घोट्याशी असताना, जी काही मिनिटे हातात होती ती कोणाच्या लक्षात आली नाहीत, आणि लक्षात आणून देणारे कोणी नव्हते की होते, हा खरा प्रश्न आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी संकटात थिजून जाणाऱ्या माणसांविषयी लिहिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणसाच्या मनात एखाद्या प्रसंगासाठी उत्तर तयार असेल तर ते क्षणार्धात हाती येते. नसेल तर नवे उत्तर घडवायला अनुकूल परिस्थितीतही आठ-दहा सेकंद लागतात, आणि जिवावरच्या संकटात तेवढी सेकंदे नसतात. म्हणून माणूस थिजतो, किंवा त्याच्याजवळ असलेले जुनेच उत्तर वापरतो. आमच्याजवळ ‘पाचच मिनिटं’ हे उत्तर होते. आम्ही ते वापरले.

चुकीचे उत्तरही प्रेमातूनच येऊ शकते, याचे एक विलक्षण उदाहरण मुंबईच्या समुद्रात घडले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. त्यांत सहलीला निघालेली कुटुंबे होती. १५ जणांचा मृत्यू झाला. मदतीला पोचलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी नंतर सांगितले, की बोट बुडते आहे हे पाहून काही आईबाप आपल्या लहान मुलांना समुद्रात टाकण्याच्या तयारीत होते. बुडत्या बोटीपेक्षा पाण्यात तरी ती वाचतील, असे त्यांना वाटत होते. जवानांनी ओरडून त्यांना थांबवले, आधी मुलांना आपल्या बोटीत घेतले, मग मोठ्यांना. दुरून पाहणाऱ्या बिरबलाने येथे काय तात्पर्य काढले असते? मूल पाण्यात टाकणारी आई! आणि ते तात्पर्य किती खोटे ठरले असते!

त्या प्रसंगाचा निकाल आईबापांच्या स्वभावाने लागला नाही. काय करू नये आणि काय करावे हे वेळेवर सांगणारा आवाज आला, म्हणून लागला. आमच्या परिसरातील दोन घटना हेच सांगतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. सुमारे हजार प्रवासी, गाडीभोवती दूरवर पाणी. गाडीतून उतरू नका, ही सूचना प्रवाशांना वारंवार देण्यात आली. आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आले, आसपासच्या गावांतील माणसे धावली, आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. ते हजार जण भुशीच्या कुटुंबाहून अधिक शहाणे होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याजवळ काय करायचे ते सांगणारी एक सूचना होती, एवढेच.

दुसरी घटना वांगणी स्थानकातील. १७ एप्रिल २०२१ रोजी एका दृष्टिहीन आईसोबत चालणारे मूल फलाटावरून रुळांत पडले. समोरून गाडी येत होती. आई फलाटाच्या कडेला हात चाचपडत राहिली. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेने धावत गेले, त्यांनी मुलाला फलाटावर ढकलले आणि क्षणभराच्या अंतराने स्वतःही वर चढले. देशभर त्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. आपल्यालाही धोका आहे हा विचार मनात आला होता, हे शेळके यांनीच सांगितले. तरीही आम्हाला वाटते, की त्या कौतुकातही आपण बिरबलाचीच चूक केली. धैर्य हा त्यांचा गुण म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, पण रूळ ही त्यांची रोजची कामाची जागा होती याकडे दुर्लक्ष केले. गाडी किती दूर आहे, रुळांवरून कसे धावावे, फलाटावर कोठून चढावे, यांची उत्तरे त्यांच्या अंगात होती. त्या धैर्याला पाय ठेवायला जमीन होती. आमच्या ओढ्यावरच्या काकांचेही तेच.

येथे कोणी म्हणेल, मग बेशिस्त पर्यटकांना दोषच द्यायचा नाही काय? दारू पिऊन धबधब्यात उतरणारी टोळकी आम्हीही पाहतो. त्यांच्यासाठी दंड आणि काठी असावी. पण एका सुट्टीच्या दिवशी डबा बांधून निघालेले कुटुंब म्हणजे ती टोळकी नव्हेत. दोघांना एकाच शब्दात कोंबले, की कोणासाठीच काही करावे लागत नाही. भुशीनंतर पुणे जिल्ह्यात मनाई आदेश निघाले, ठाणे जिल्ह्यातही ते पावसाळ्यात निघत आले आहेत. आदेश जाऊ नका असे सांगतो. गेलेल्यांना, पाणी गढूळ होत असताना, काय करा हे तो सांगत नाही. त्यासाठी काठावर एक माणूस लागतो, भोंगा लागतो, दोर लागतो, त्या ओढ्याची भाषा वाचता येणाऱ्या गावकऱ्याला कामावर नेमावे लागते. मुंब्रा, डोंबिवली, कल्याणच्या इमारतींत आठवडाभर कोंडलेली माणसे पहिल्या पावसानंतर हिरवळीकडे जाणारच. ती जाणार हे ठाऊक असूनही हौद तसाच ठेवायचा आणि नंतर माकडिणीच्या स्वभावावर बोलायचे, हे आता पुरे झाले.

आणि आपण, साहित्याची माणसे? तात्पर्य काढण्याची घाई करायला आपणच शिकवतो. गोष्ट संपली की तिच्यातून एक वाक्य पिळून काढायचे आणि ते पात्राच्या स्वभावावर चिकटवायचे, हा आपल्या अध्यापनाचा जुना रोग आहे. परिस्थिती कोणी घडवली, कथा कोण सांगतो आहे, सांगणारा काठावर आहे की पाण्यात, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो, पण बातमीला विचारत नाही. बुडालेल्या माणसांची गोष्ट नेहमी काठावरचे लोकच सांगतात. निदान एवढे तरी मराठीच्या वर्गात सांगायला हवे.

गेल्या वर्षीपासून आम्ही ही गोष्ट वर्गात वेगळ्या रीतीने शिकवतो. तात्पर्य न लिहिता प्रश्न लिहायला सांगतो. आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची वर्षासहल निघताना बसमध्येच एक गोष्ट ठरवतो. पाण्याचा रंग बदलला, किंवा कोणी गावकरी काही ओरडला, तर आमच्यापैकी जो आधी पाहील तो एकच शब्द उच्चारेल, “वर!” तो ऐकला की पिशवी नाही, चप्पल नाही, फोटो नाही. शेजारच्याचा हात धरायचा आणि चढायचे. विद्यार्थी हसतात. मागच्या खेपेस एकाने विचारले, “सर, मॅडम, आणि डबा?”

डबा राहू द्यायचा, असे आम्ही दोघांनी एकदमच सांगितले.